तोफ देऊन आणलेली बाई

माझी वहिनी ब्लांदिना आमच्या घरात आली ती एका पितळी तोफेच्या बदल्यात. आमच्याकडे सोयरीक अशीच होते. मुलीचं घराणं मानाचं असेल तर वरपक्षाने जुनी तोफ, काशाच्या घंटा, सोनं घेऊन जायचं, आणि ते सगळ्या गावाने मिळून जमवायचं. माझा भाऊ फिदेलिस डोंगराच्या बेटावर चर्चच्या सणाला गेला, तिला बघून आला आणि जेवेनासा झाला. तेव्हा आमच्या एलनगुर गावातल्या घराघराने काही ना काही काढून दिलं. तोफ दिली ती मुखियाच्या घराने. ती नेताना होडी एका अंगाला कलली आणि माझे काका समुद्रात पडले. इतका खटाटोप करून आणलेली मुलगी होडीतून उतरली तर अंगाने काटकुळी आणि तोंडाने तिखट. माझी आई पहिल्याच संध्याकाळी मला म्हणाली की एवढ्या तोफेत दोन गरीब स्वभावाच्या मुली आल्या असत्या.

मी तिची नणंद, ऑक्टोविना. तिच्याबद्दल वाईट बोलायचा पहिला हक्क माझा आहे, आणि तो मी आजवर दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.

आमच्या गावाला सरकारने एकदा दवाखाना दिला. म्हणजे इमारत दिली. भिंती, वर पत्रा, दारावर रंगवलेली पाटी आणि आत एक खाट. नर्स दिली नाही. वर्षभर कुलूप बघून झाल्यावर वहिनीने ते दगडाने मोडलं आणि आत मासे वाळत घातले, कारण पत्र्याखाली मासे लवकर वाळतात. पुढे पाहणीला साहेब आले ते नाकाला रुमाल लावून बाहेर पडले आणि हा उद्योग कोणाचा म्हणून विचारू लागले. आम्ही सगळे आभाळाकडे बघत होतो. वहिनी पुढे झाली आणि म्हणाली की माझा, तुम्ही नर्स आणा, मी मासे काढते. पुढच्या हंगामात खरंच नर्स आली. वहिनीने मासे काढले, फरशी घासून दिली, रोज तिला नारळ नेऊन दिला. पोरगी चांगली होती. पण पश्चिमेचा वारा सुरू झाला, बोट येईनाशी झाली, घरात दिवा नाही, बोलायला तिच्या वयाचं कोणी नाही. ती नाताळाला घरी गेली ती परत आली नाही. मासे पुन्हा आत गेले.

फिदेलिस गेला तोही अशाच पश्चिमेच्या वाऱ्यात. त्याच्या पोटात दुखायला लागलं आणि थांबेचना. डॉक्टर समोरच्या बेटावर. वारा नसेल तर सकाळी निघून दुपारच्या आत पोचता येतं, पण तेव्हा लाटा घराएवढ्या होत्या. कोणी होडी काढेना, आणि काढली नाही ते बरोबरच होतं. वहिनीने नवऱ्याला चटईत गुंडाळलं आणि एकटीने होडी पाण्यात ढकलली. होडी उलटली. तिने ती सरळ केली, पुन्हा ढकलली, पुन्हा उलटली. शेवटी माझ्या बापाने तिचे दोन्ही हात धरले. फिदेलिस घरातच गेला, त्याची एकुलती मुलगी तेव्हा तुआल शहरात मिशनच्या शाळेत होती. लोकांना वाटलं ब्लांदिना आता माहेरी जाईल. माहेरचे न्यायला आलेही. तिने त्यांना एनबालची, म्हणजे कडू कंद पिळून केलेली, भाकरी आणि भाजलेले मासे पोटभर खायला घातले आणि रिकाम्या होडीने परत पाठवलं. मला तेव्हा फार बरं वाटलं, पण तसं मी तिला सांगितलं नाही. नणंदेने सगळंच सांगायचं नसतं.

तर आता झऱ्याचं सांगते. आमच्या बेटाला नदी नाही, ओढा नाही. सगळा पोवळ्याचा दगड, पाऊस पडला की खाली झिरपून जातो. ते गोडं पाणी वर येतं ते थेट समुद्रात. ओहोटी लागली की किनाऱ्यावरच्या काळ्या खडकाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, वाळूतून झरा उघडा पडतो. बायकांनी तेवढ्यात भांडी भरून घ्यायची. भरती आली की समुद्र त्याच्यावर येऊन बसतो. पूर्वेच्या वाऱ्याचे कोरडे महिने आम्ही त्या एका झऱ्यावर काढतो. दुसरं पाणी म्हणजे वर डोंगरातल्या गुहेत साचतं ते. चव चुन्याची, वाट सुरीसारख्या दगडांची, आणि एकदा जाऊन आलं की खांदा रात्रभर ठणकतो.

त्या डोंगरावर दगडाच्या एका कंपनीचा डोळा गेला. आमचा मुखिया सेवेरिनुस त्यांना हो म्हणून बसला. सेवेरिनुस चोर नव्हता, हे मी आधीच सांगते. त्याला गावात वीज हवी होती, पक्का धक्का हवा होता, रोज बोट हवी होती. मलाही हवी होती. पण दगड वाहून नेणारी कंपनीची सपाट बोट, बार्ज, लागणार होती काळ्या खडकाच्या पलीकडे, आणि दगड चढवायला जो भराव टाकायचा तो अलीकडे पसरून झऱ्यावर येणार होता. हे बायकांनी विचारलं तेव्हा कंपनीचा साहेब म्हणाला की तुम्हाला मोठी टाकी बांधून देऊ. टाकीत पाणी कुठून येणार असं विचारलं तर तो हसला आणि सेवेरिनुसकडे बघू लागला. सेवेरिनुस म्हणाला की मोठी माणसं आहेत, काहीतरी करतील.

एका सकाळी वहिनी मळ्यातून कंद काढून परत आली तर किनाऱ्यावर कंपनीची लाल निशाणं रोवलेली. भरतीची वेळ होती. तिने कंदांची टोपली तिथेच वाटेत टाकली, नारळाची कोवळी, पांढरी झावळी तोडली आणि सरळ नेऊन किनाऱ्यावर आडवी बांधून टाकली. बांधताना ती इतक्या जोरात बडबडत होती की मी घरातून ऐकत होते.

आमच्याकडे अशी झावळी बांधली की ती जागा बंद. कोणी बांधली, का बांधली, हे नंतर बोलायचं. आधी पाऊल मागे घ्यायचं. झावळीच्या पलीकडे जे काही आहे त्याला वाद मिटेपर्यंत कोणी हात लावायचा नाही, बांधणाऱ्यानेसुद्धा नाही. पोलीस आले नाहीत तरी चालतं, पूर्वज बघत असतात. कंपनीच्या छोट्या बोटीवरचा नावाडी आमच्याच बेटांपैकी एकावरचा होता. त्याने लांबून झावळी बघितली आणि बोट वळवली. साहेब त्याच्यावर ओरडत होता, तो मान खाली घालून वल्हं मारत होता. आम्ही किनाऱ्यावर उभ्या राहून पोट धरून हसलो.

हसणं ओहोटीपर्यंत टिकलं. पाणी मागे गेलं, आम्ही कॅन आणि बादल्या घेऊन निघालो, आणि झऱ्यापाशी न पोचताच थांबलो. वहिनीला झावळी बांधायची होती काळ्या खडकापासून पलीकडे. रागाच्या भरात तिने ती बांधली होती अलीकडच्या उंडीच्या झाडापासून. भरतीच्या पाण्याखाली झरा दिसत नव्हता, आणि तिला तेव्हा लाल निशाणांखेरीज काहीच दिसत नव्हतं. आता झरा समोर खळखळत होता, आमच्यापासून चार पावलांवर, झावळीच्या पलीकडे.

मग मीच बोलले. "वहिनी, कंपनीला बंद केलंस ते केलंस, आम्हाला कशाला?"

ती झऱ्याकडे बघत उभी राहिली. चेहरा राखेसारखा झाला होता. मग म्हणाली, "वन्सं, मला आत्ता काही बोलू नका."

आम्ही गेलो मानकऱ्याकडे. गावच्या जमिनीचा मानकरी म्हणजे म्हातारे ग्रेगोरबाबा. झावळीचे नियम त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नाहीत. मला वाटलं होतं की गाठ सोडून दुसरीकडे बांधायची, त्यात काय मोठंसं. ग्रेगोरबाबांनी सुपारी चघळत सगळं ऐकलं आणि मान हलवली. झावळी सरकवता येत नाही. सोडायची तर बांधणाऱ्याने स्वतः सोडायची, मानकऱ्यासमोर, सुपारी आणि तंबाखू पूर्वजांना ठेवून. आणि सोडली म्हणजे वाद मिटला. त्याच वादासाठी तोच हात पुन्हा बांधू शकत नाही, त्याच्या घरातला दुसरा हातही नाही. आणि तो किनारा आमच्या घराचा, म्हणून दुसऱ्या कोणत्याच घराला तिथे बांधायचा हक्क नाही. म्हणजे पाणी हवं असेल तर किनारा कंपनीला द्यायचा.

सेवेरिनुसला हे आमच्याआधी कळलं होतं. पण त्याने आधी सोपा रस्ता धरून पाहिला. सभा बोलावली आणि म्हणाला की ही झावळीच खरी नाही. ब्लांदिना बाहेरच्या बेटावरची, वरून बाईमाणूस, विधवा. आमच्या किनाऱ्यावर तिने कोणत्या हक्काने बांधली?

वहिनी मागे बायकांत बसली होती ती उठून पुढे आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मुखिया, माझ्यासाठी तोफ कोणी दिली?"

सेवेरिनुसने ग्रेगोरबाबांकडे बघितलं.

"तुमच्या घरातून गेली ना? ती माझ्या बापाच्या ओसरीवर आहे अजून. मी बाहेरची असेन तर जा, तोफ परत आणा. तोफ आली की मी माझी झावळी सोडते आणि पहिल्या बोटीने जाते. तोफ तिकडे आणि मी पण तिकडची, असं कसं चालेल?"

सभेत खसखस पिकली. सेवेरिनुसची म्हातारी आई तेक्लाआजी दारात बसली होती, ती सगळ्यांत मोठ्याने हसली. ग्रेगोरबाबांनी निकाल दिला की किनारा फिदेलिसच्या घराचा, बाई त्या घराची, झावळी खरी. कंपनीचा साहेब म्हणाला की मी बाहेरून माणसं आणतो, त्यांना झावळीबिवळी कळत नाही. त्यावर त्याचाच नावाडी म्हणाला की जरूर आणा साहेब, फक्त त्यांना किनाऱ्यापर्यंत पोहत यावं लागेल.

मग सेवेरिनुसने दुसरा रस्ता धरला, आणि तो जास्त वाईट होता. त्याने काहीच केलं नाही. बार्ज लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहिली आणि आम्ही गुहेची वाट चढू लागलो.

ते दिवस मी विसरणार नाही. पूर्वेचा वारा अंगाची साल काढतो तसा होता. कंद पिळायला पाणी लागतं, पोरांना धुवायला लागतं, वरून आणलेला एक कॅन संध्याकाळपर्यंत तळाला जायचा. ज्या बायका नावाड्याला हसल्या होत्या त्या आता वहिनीच्या दारावरून जाताना मुद्दाम थुंकायच्या. तिची टोपली कोणी उचलून देईना. प्रार्थनेला ती बसली की बाकावर जागा मोकळी व्हायची. मी स्वतः तिच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि तिसऱ्या दिवशी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता तुमचा कॅन द्या, मी वर चाललेच आहे."

ती सगळ्यांच्या आधी वर जायची आणि सगळ्यांच्या नंतर शेवटचा कॅन आणायची. ज्या घरात म्हातारं माणूस होतं त्या प्रत्येक घरात तिने पाणी दिलं. सेवेरिनुसची बायको तुआलला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती, आणि पुरुषाने पाणी वाहायची पद्धत आमच्याकडे नाही. तेव्हा मुखियाच्या घरचं पाणीही वहिनीच भरायची, तेक्लाआजीसाठी. सेवेरिनुस ओसरीवर बसलेला असायचा. ती त्याच्यासमोरून कॅन घेऊन आत जायची, रिकामा घेऊन बाहेर यायची, आणि दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत. एकदा मी म्हटलं की त्याच्याशी भांडतेस आणि त्याच्याच घरी पाणी भरतेस, याला काय म्हणावं? तर म्हणाली की भांडण त्याच्याशी आहे, तहान आजीची आहे, तुम्ही दोन्ही एका कॅनमध्ये ओतू नका.

मध्येच कंपनीने बाटल्यांचं पाणी पाठवलं. खोकीच्या खोकी, धक्क्याच्या मोडक्या फळ्यांवर रचून ठेवली. सेवेरिनुसने सांगितलं की ही भेट आहे, घ्या. लोकांनी घेतली. मीही घेतली, खोटं कशाला बोलू? वहिनीच्या वाट्याचं खोकं तिच्या दारात ठेवलं होतं. ती डोंगरावरून उतरून आली, पाय रक्ताने आणि चुन्याने माखलेले. तिने खोकं उचललं, भर दुपारी मुखियाच्या घरासमोर नेलं, एकेक बाटली उघडली आणि त्या पाण्याने आपले पाय धुतले. घोट्यापासून बोटांपर्यंत, सावकाश, टाचा घासून. अख्खा गाव बघत होता आणि अख्ख्या गावाच्या घशाला कोरड पडली होती. मला आजही त्या पाण्याची हळहळ वाटते. पण दुसऱ्या दिवशी गुहेच्या वाटेवर माझ्या पुढे चालणाऱ्या दोघीजणी तिचे पाय धुणं एकमेकींना करून दाखवत होत्या आणि हसत होत्या. बऱ्याच दिवसांनी कोणीतरी हसलं होतं.

मग तेक्लाआजी आजारी पडली. वय झालंच होतं. ताप आला, खाणं सुटलं, आणि ती झऱ्याचं पाणी मागू लागली. गुहेचं पाणी तोंडाला लावलं की मान फिरवायची.

सेवेरिनुस वहिनीच्या दारात आला. आम्ही दोघी अंगणात कंद किसत होतो. तो बसला नाही. त्याने तोफेचा, हक्काचा, कंपनीचा विषय काढला नाही. नुसतं म्हणाला, "ब्लांदिना, आई मरतेय. तिला झऱ्याचा एक घोट दे."

आणि तो रडला. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याला रडताना तेव्हाच पाहिलं. त्यात डाव होता का? थोडा असेलही. पण डोळ्यातलं पाणी खोटं नव्हतं.

वहिनीचे हात थांबले. तुम्हाला समजायला हवं, ती नवी नवरी म्हणून उतरली तेव्हा माझ्या आईने नाक मुरडलं होतं, पण तेक्लाआजीने तिचा हात धरून तिला झऱ्यावर नेलं होतं. समुद्रातून गोडं पाणी कसं घ्यायचं, वाळू कशी बाजूला करायची, पहिली ओंजळ कशी सोडून द्यायची, हे डोंगरावरच्या त्या पोरीला आजीने शिकवलं. फिदेलिस गेल्यावर कितीतरी रात्री आजी तिच्या शेजारी झोपली. तिच्या सख्ख्या आईने केलं नसतं इतकं त्या म्हातारीने केलं होतं.

वहिनी उठली, आत गेली आणि सुपारी आणि तंबाखू घेऊन बाहेर आली. मी समजले. सेवेरिनुसही समजला. इतके दिवस जिला शिव्या घातल्या, ती आता सोडायला निघाली तर माझ्याच तोंडून निघालं, "वहिनी, नको." ग्रेगोरबाबांच्या घराकडे वळायच्या आधी ती आजीकडे गेली. आम्ही तिच्या मागे.

आजी चटईवर पडली होती, ओठ फुटलेले. वहिनी तिच्याजवळ बसली आणि कानाशी जाऊन म्हणाली की आजी, मी झावळी सोडते आहे, ओहोटीला तुझ्यासाठी पाणी आणते.

आजीने डोळे उघडले. आधी वहिनीच्या हातातल्या सुपारीकडे बघितलं, मग दारात उभ्या लेकाकडे.

"मला तेच पाणी हवं आहे," ती म्हणाली. आवाज बारीक पण स्वच्छ होता. "मरताना दुसरं काही नको आहे. पण गाठ सोडून आणलंस ना पोरी, तर तुझ्या तोंडावर थुंकेन. आणि थुंकायला तोंडात ओल नाही, म्हणून आणखी राग येईल."

"आजी, अगं एक घोट…"

"गप्प बस. माझ्या एका घोटासाठी हिच्या नातीने काय प्यायचं? कंपनीची बाटली?" आजीने माझ्याकडे बोट केलं. मग लेकाला हाक मारली. "सेवेरिनुस. घसा माझा आहे, लेक तू आहेस. कॅन घे आणि वर जा. गुहेचं आण. ही आणते ते मी नाही पिणार, तू आणलेलं पिईन."

सेवेरिनुस म्हणाला की आई, पुरुष पाणी वाहत नाहीत.

"मग पुरुषांनी झरे बुजवू नयेत," आजी म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मग त्याने कोपऱ्यातला कॅन उचलला. मुखियाला खांद्यावर कॅन घेऊन गुहेच्या वाटेला लागलेलं गावाने पाहिलं तेव्हा कोणी जागचं हललं नाही. कोंबड्या तेवढ्या वाटेतून पळाल्या. तो परत आला तेव्हा गुडघा फुटला होता आणि निम्मं पाणी सांडलं होतं. उरलेल्यातलं आजी थोडं प्यायली. तोंड वाकडं केलं, पण प्यायली. तो रोज जाऊ लागला. त्याला बघून त्याचा पुतण्या जाऊ लागला, मग आणखी पुरुष. वाटेवर आम्हाला बाजूला व्हावं लागायचं, इतकी गर्दी. पुरुष वाहताना इतकं कण्हतात की ऐकवत नाही.

आजी गेली. झावळी तशीच होती. आम्ही तिला गुहेच्या पाण्याने अंघोळ घातली. वहिनी तिचे केस धूत होती आणि रडत होती, आवाज न करता, नाकातून पाणी गळत होतं तेही पुसत नव्हती. मातीला सगळ्या बेटांवरून होड्या आल्या. कंपनीनेही बोट पाठवली. ताडपत्रीचा मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाहुण्यांसाठी बाटल्यांचं पाणी. साहेब काळा शर्ट घालून आला होता आणि त्याने सेवेरिनुसचे दोन्ही हात हातात घेतले.

सेवेरिनुसने हात सोडवून घेतले आणि म्हणाला, "साहेब, खोकी बोटीत परत चढवा. माझ्या आईच्या पाहुण्यांना पाणी आम्ही पाजतो."

साहेबाला वाटलं दुःखात बोलतो आहे. तो म्हणाला की ठीक आहे, कामाचं पुढच्या आठवड्यात बोलू.

"काम नाही. बार्ज घेऊन जा. मी हो म्हटलं होतं, आता नाही म्हणतो. सगळे ऐकताहेत."

इतक्या गावांच्या माणसांसमोर म्हटलेलं आमच्याकडे मागे घेता येत नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणूनच त्याने तो दिवस निवडला. पाहुण्यांनी गुहेचं पाणी प्यायलं. चव चुन्याची होती, कोणी कुरकुर केली नाही. बार्ज गेली. ऐकते की आता ती कंपनी दुसऱ्या कुठल्या बेटावर चौकशी करते आहे. विजेचा खांब आमच्याकडे अजून आलेला नाही, नर्सही नाही, बोट अजून वाऱ्याच्या मर्जीवर. हे कोणी बघणार आहे की नाही, हा माझा प्रश्न आहे आणि तो मी येईल त्या साहेबाला विचारते.

वाद मिटला होता, तेव्हा झावळी सोडायची होती. सगळा गाव भांडी घेऊन किनाऱ्यावर आला. ओहोटी लागलेली, झरा मोकळा. ग्रेगोरबाबांनी सुपारी आणि तंबाखू उंडीच्या बुंध्याशी ठेवली आणि विचारायचं ते विचारलं. गाठ सोडण्याआधी विचारतातच, आणि उत्तर ठरलेलं असतं.

"ब्लांदिना, तुझ्या मनात राग उरला आहे का?"

नाही म्हणायचं आणि गाठ सोडायची. वहिनी म्हणाली, "आहे."

भांडी घेतलेल्या हातांची चुळबुळ थांबली. सेवेरिनुसचा चेहरा उतरला. ग्रेगोरबाबांनी विचारलं की कोणावर? मुखियावर?

"नाही. त्याने त्याचं केलं, मोकळा झाला. माझा राग माझ्यावर आहे. मी खडकापासून बांधली असती तर म्हातारीला पाणी मिळालं असतं. बांधली उंडीपासून. कंपनीने नाही, मी तिला तहानलेलीच जाऊ दिलं."

सेवेरिनुस पुढे आला, काहीतरी बोलणार होता, पण ग्रेगोरबाबांनी हात वर केला. ते म्हणाले की स्वतःवरच्या रागाबद्दल पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही, तेव्हा तो मोजायचा नाही. सोड.

तिने गाठ सोडली. बायका धावल्या. पोरं झऱ्यात लोळली. मी इतकं प्याले की पोट दुखलं. वहिनी सगळ्यांना भरून देत होती, ओरडत होती, रांग लावत होती.

ती स्वतः प्यायली नाही, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. नंतर आलं. आजही ती पहाटे उठते आणि एकटी गुहेची वाट चढते. स्वतःपुरता एक कॅन. घरात पाहुण्याला झऱ्याचं पाणी देते, स्वतः चुन्याचं पिते. आता तिचे गुडघे दुखतात, केस पिकले. सेवेरिनुसने हात जोडून सांगून पाहिलं. फादरनी सांगून पाहिलं. मुलीने तुआलहून येऊन रडून पाहिलं. परवा मीच वाटेत आडवी उभी राहिले आणि म्हटलं की वहिनी, पुरे झालं, आजीने तुला असं सांगितलं नव्हतं.

तिने कॅन एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "वन्सं," ती म्हणाली, "अख्ख्या कंपनीला मी वाट दिली नाही. तुम्ही एकट्या मला कुठे अडवताय? व्हा बाजूला."

मी झाले बाजूला.